न नेलेली पुस्तकं

४ जुलै

पोरी,

मुली पोचल्या. थोरलीला प्रवासात दोनदा उलटी झाली, धाकटीला एकदाही नाही. पण तोंड धाकटीचंच उतरलं होतं. तू दिलेली यादी स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावली आहे. गोळ्या कधी, झोप किती, नखं कोणत्या वारी. शेवटची ओळ तू लाल शाईनं लिहिली आहेस : "शाळा चुकवायची नाही. बाबांचा प्रयोग माझ्या मुलींवर नको." वाचली. लाल शाईची गरज नव्हती. चष्मा आहे मला.

शाळेत नावं घातली. दोघींचे वर्ग एकाच मजल्यावर आहेत. थोरलीला गणवेश आखूड होतो, शेजारची शिंपीण दुमड सोडून देईन म्हणाली.

तू फोन करतेस तो मुलींसाठी. मी उचलला की म्हणतेस, "मुलींना दे." देते. म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. पत्राला मध्येच तोडून "मुलींना दे" म्हणता येत नाही. तुझं प्रशिक्षण एका वर्षाचं आहे, जावईबापूंचं जहाज त्याआधी काही लागत नाही. वर्षभर लिहीन. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

पुढच्या खोलीतलं तुझ्या बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान बंदच आहे. चार वर्षं झाली. ते गेल्यावर तू तिसऱ्या दिवशी आलीस, दुकानाच्या उंबऱ्याशी उभी राहिलीस, "पंधरा वर्षांत या माणसानं मला एक ओळ लिहिली नाही" म्हणालीस आणि आत पाऊल न टाकता परत गेलीस. मी तेव्हा भांडी विसळत होते. विसळत राहिले. त्यानंतर मीही ते कुलूप काढलं नव्हतं.

परवा काढलं. नुसती हवा जावी म्हणून. मुलींनी खिडकीच्या काचेला नाकं लावली होती, आणि धाकटीनं विचारलं, "आजी, ते लोखंडी काय आहे, ज्याच्यावर बसतात ते?"

तो पुस्तकं दाबायचा दाब. त्याच्यावर कुणी बसत नाही. तुझे बाबा बसायचे, जेवण झाल्यावर, पंधरा मिनिटं.

लहान मुलांना काहीही सुचतं.

आई

२१ जुलै

पोरी,

शाळा कशी चालली आहे म्हणून विचारतेस. शाळा चालली आहे. सकाळी घंटा होते, ती इथवर ऐकू येते.

रविवारी तू थोरलीला विचारलंस, "काय शिकलीस या आठवड्यात?" आणि ती म्हणाली, "खळ करायला." तू म्हणालीस, "अरे वा, हस्तकलेच्या तासाला!" थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

खळ म्हणजे आपली पिठाचीच, पुस्तकं चिकटवायची. चार वाट्यांत केली आहे. एक खिडकीत, एक कपाटात, एकीत तुरटी, एक तशीच उघडी. रोज सकाळी दोघी वाट्या हुंगतात. थोरली वहीत लिहिते, धाकटी बुरशीचं चित्र काढते. धाकटीकडे वासांचे शब्द आहेत : "ओल्या मोज्यासारखा", "रागावलेल्या दुधासारखा". तिसऱ्या दिवशी उघड्या वाटीला मुंग्या आल्या. मग मुंग्यांचा रस्ता दोऱ्यानं मोजला. तो दोरा भिंतीला लावून पाहिला, भिंतीचा दोरा घराला. घराभोवती मुंगीला किती वेळ लागेल, हे काढायला दोघींना दोन दिवस लागले. मुंगी मध्ये झोपते का, हा वाद अजून मिटलेला नाही. त्यासाठी मी मुंग्यांवरचं पुस्तक काढून दिलं. ते थोरली मोठ्यानं वाचते आणि धाकटी चुका काढते, म्हणजे पुस्तकाच्या.

हे सगळं घरच्या वेळात.

एक विचारायचं होतं. तुझे बाबा तुला काय हाक मारायचे, ते तू मुलींना कधी सांगितलंस का? काल धाकटी खळ ढवळता ढवळता म्हणाली, "शेपूट कधी येणार?"

"कोण शेपूट?"

"आई गं." जसं काही मीच वेडी.

तू त्यांच्या मागे मागे दुकानभर फिरायचीस म्हणून ते तुला शेपूट म्हणायचे. तू गेल्यापासून, एकोणीस वर्षांत, हा शब्द मी तोंडातून काढलेला नाही. तूच सांगितलं असशील.

आई

९ ऑगस्ट

पोरी,

तुझं पत्र मिळालं. शेपूट तू सांगितलेलं नाहीस. बरं.

शाळेचंही पत्र तुला मिळालं, त्यामुळे झाकली मूठ उघडी पडली. मुली शाळेत चार दिवस गेल्या. आठ जुलैपासून घरी आहेत. मी तुझ्याशी खोटं बोलले नाही असं इतके दिवस मनाशी म्हणत होते. घंटा ऐकू येते हे खरंच आहे. पण चोराच्या मनात चांदणं असतं ते असं.

कारण सांगते, पटवून घे म्हणत नाही. धाकटीनं पहिल्या दिवशी लेखनाच्या तासाला विचारलं, खडू किंचाळतो का. बाई म्हणाल्या, हे विज्ञानाच्या तासाला विचार. तिनं नीट लक्षात ठेवून विज्ञानाच्या तासाला विचारलं. त्या बाई म्हणाल्या, आज पानांचे आकार चालले आहेत. मग तिनं विचारायचं बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून बोलायचंच बंद केलं. घरीही. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती दुकानात जाऊन दाबाखाली बसली, आणि मी उंबऱ्यावर बसले, आणि बऱ्याच वेळानं तिनं आतून विचारलं, "आजी, खळ कशाची करतात?" तीन दिवसांतलं पहिलं वाक्य. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? उत्तर नको देऊस, मला माहीत आहे. शाळेत पाठवलं असतंस.

तू लिहितेस, "तुम्ही दोघांनी माझी सतरा वर्षं वाया घालवलीत." लिहितेस, पहिल्या मोठ्या परीक्षेत तुला 'अपूर्णांक' हा शब्दच माहीत नव्हता, तू हात वर करून विचारलंस, आणि सगळी खोली हसली. हे तू मला पहिल्यांदाच सांगितलंस. पुठ्ठ्याचे तीन भाग करून त्यातले दोन डोळे मिटून कापायचीस तू, आठ वर्षांची असताना. पण त्याला नाव असतं हे आम्ही सांगितलं नाही. ते हसू मी आठ दिवस ऐकते आहे.

मुख्याध्यापिका मंगळवारी दुपारी घरी आल्या. बाई वाईट नाही. जिना चढून दम लागला होता, तरी मुलींशी खाली चटईवर बसल्या.

"तुझा आवडता विषय कोणता गं?"

थोरली म्हणाली, "विषय म्हणजे?"

"म्हणजे गणित, भाषा, इतिहास..."

"काल आम्ही शेजारच्या शिंपीण मावशींकडे एक कोट बघितला. त्याला कापड किती लागलं, लोकर कुठून आली, आणि त्याच्या म्हाताऱ्या मालकानं तो बत्तीस वर्षं का घातला. हे कशात येतं?"

बाई म्हणाल्या, "थोडं थोडं सगळ्यात."

"मग सगळा."

बाई हसल्या. मलाही वाटलं, निभावलं. मग त्यांनी धाकटीला विचारलं, "आणि गणित कोण शिकवतं?"

"आजोबा."

"हो का! आजोबा आहेत? बरं झालं. कुठे आहेत?"

"दुकानात. दाबावर बसलेत. आत्ताच जेवण झालं ना."

बाईंनी दुकानाच्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. आणि आतून टकटक आली. दोनदा, थांबून एकदा. तुला ठाऊक आहे कशी. काम संपलं की ते हाडाच्या पट्टीनं टेबलावर वाजवायचे, म्हणजे मी चहा ठेवायचा. थोरली माझ्या उजवीकडे होती, धाकटी समोर. चार हात मला दिसत होते.

"कामात आहेत, नको उठवायला," बाई म्हणाल्या. "माझा नमस्कार सांगा त्यांना."

मी "सांगते" म्हणाले. काय म्हणणार?

त्या गेल्यावर दार ढकललं. कुणी नव्हतं. उन्हानं लाकूड तडकतं. जुने पुठ्ठे ताणतात. बघ, मी तुला कारणं देते आहे.

वर जाता जाता शिंपीण म्हणाली, "काय आजी, शाळा घरातच उघडलीत की! मलाही घ्या, मी चौथीत दोनदा बसले होते."

आई

२ सप्टेंबर

पोरी,

तू लिहिलंस की सुटी मिळाली की येऊन मुलींना घेऊन जाशील, तिकडे वसतिगृहाची शाळा पाहिली आहेस. मुली तुझ्या. मी अडवणारी कोण? पण तोवर इथे काय चाललं आहे ते लिहीत जाते. नंतर माझ्यावर लपवल्याचा आळ नको.

हाडाची पट्टी सापडली. कागदाची घडी दाबायची, त्यांच्या अंगठ्याच्या ठिकाणी झिजलेली. ती ते गेले त्याच्या आदल्या महिन्यात हरवली होती आणि त्यांनी सगळं दुकान उलथंपालथं केलं होतं. धाकटी सरळ गेली, दाबाच्या मागच्या पायाजवळची फरशी हलते तिथं बोटं घातली आणि काढली. "तुला कसं कळलं?" तर म्हणे, "तिथंच पडणार ना." जणू पट्ट्या दुसरीकडे पडतच नाहीत.

तुला दुकानातलं वरचं फळकूट आठवतं? ज्यांचे मालक परत आलेच नाहीत ती पुस्तकं तिथं असायची. तू गेल्यावर पहिल्या चार-पाच वर्षांत त्यांनी त्यातली अकरा पुस्तकं सवडीनं बांधून काढली आणि एकेक करून मला दिली. "हे कुणी नेलं नाही. तू वाच." माझं सगळं वाचन ते. मधमाश्या, दूरच्या समुद्रांवरचे प्रवास, हाडं जोडायची विद्या, एका न्यायाधीशाचं आत्मचरित्र, दिवे कसे करतात. कुठलं कशाशी जुळत नाही. मी तशीच वाचत गेले, ज्या क्रमानं लोक विसरले त्या क्रमानं. चौदा वर्षं, रोज दुपारी.

गेल्या सोमवारी बाजारातून आले तर थोरलीनं मधमाश्यांचं पुस्तक सोडवून ठेवलं होतं. फाडलं नव्हतं. कोमट पाण्याचा फडका कण्यावर ठेवून, खळ भिजेपर्यंत थांबून, हाडाच्या पट्टीनं पुठ्ठा अलगद वेगळा केला होता. घडीच्या पानांचे सगळे फर्मे क्रमानं मांडलेले, दोरा गुंडाळून बाजूला. पोरी, हे मी तिला दाखवलेलं नाही. मला येतच नाही. मी फक्त शिवायची. कण्याला ते मला हात लावू देत नसत.

मी तिच्या हातावर मारलं. तुला मी कधी मारलं नव्हतं. ती रडली नाही, म्हणाली, "आजी, आत बघ ना." आत काही नव्हतं. कण्याला आतून रद्दीच्या पट्ट्या लावतात तेवढ्याच. तुला ठाऊक आहे.

मी पट्ट्या गोळा करून ठेवून दिल्या.

आणखी एक. तू आठ वर्षांची असताना तुझी निळी चप्पल हरवली होती. कोपऱ्यावरच्या कुत्र्यानं नेली म्हणून तुम्ही दोघांनी सांगितलं, आणि मी त्या कुत्र्याला वर्षभर शिळा तुकडाही घातला नाही. काल जेवताना धाकटी म्हणाली, "कुत्र्यानं नेलीच नव्हती. पाण्याच्या टाकीची सावली मोजताना पुलावरून खाली पडली. आजोबांनी खांद्यावर बसवून आणलं आणि म्हणाले, आईला सांगू नको, ओरडेल."

खरं का हे? मला ठाऊक नाही, म्हणून विचारते. खरं असेल तर मुलींना कुणी सांगितलं? मी नाही. मला त्या कुत्र्याचीच शपथ.

आई

१७ सप्टेंबर

पोरी,

तुझी एक ओळ आली. "चपलेचं खरं आहे. मी कुणालाही सांगितलेलं नाही. आई, तिथं काय चाललं आहे?"

सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी सांगायचं होतं.

आत रद्दी नव्हती. माझ्या मागच्या पत्रातलं ते वाक्य खोटं आहे. आतल्या पट्ट्यांवर तुझ्या बाबांचं अक्षर होतं. शिसपेन्सिलीचं, म्हणून पाण्यानं फुटलं नव्हतं. पहिली पट्टी उचलली आणि वर "शेपटे," असं होतं. मी त्या पट्ट्या पदराखाली धरून बसले. एवढं वय झालं, तरी पहिला विचार हाच आला की कुठे लपवू.

तू गेलीस त्यानंतर चार वर्षांत त्यांनी तुला अकरा पत्रं लिहिली. पोस्टात मी जायची, म्हणून माझ्याकडे द्यायचे. मी एकही टाकलं नाही.

पहिलं वाचलं होतं मी. त्यात लिहिलं होतं, "चूक माझी झाली." तुला परीक्षेत काय झालं ते त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. लिहिलं होतं, "तुला शाळेत न घालणं ही माझी चूक. तुला कापता येत होतं, पण जग त्याला काय म्हणतं ते सांगणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नाही." मला हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मी पोस्टाच्या दारात उभी राहून वाचलं आणि परत आले.

का, ते ऐक. मी या घरात आले तेव्हा मला माझं नाव लिहिता येत नव्हतं. तू सहा वर्षांची झालीस आणि ते तुला चटईवर घेऊन बसायला लागले, तेव्हा मी निवडणं-टिपणं घेऊन तिथंच बसायची. तुला वाटायचं आई काम करते आहे. आई शिकत होती. तुझ्या मागून एक अक्षर, तुझ्या मागून एक शब्द. बेडकाचं हृदय, चंद्राचं कमी-जास्त होणं, गोष्टी, हिशेब, सगळं एकाच चटईवर, कशाला कशाचं नाव नाही. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं तेवढीच. आणि हा माणूस कागदावर त्याला चूक म्हणत होता, आणि ते मी स्वतःच्या हातानं पोस्टात टाकायचं. ती चूक असेल तर मी कोण? चुकून वाचायला शिकलेली बाई.

म्हणून ठेवलं. पुढची तर न वाचताच ठेवली. आणि तू समजत राहिलीस की बाबा हट्टी. हट्टी मी होते. तू उंबऱ्याशी "एक ओळ लिहिली नाही" म्हणालीस, तेव्हाही मी भांडी विसळत राहिले. माफी मागायला शब्द शोधते आहे, इतकी पुस्तकं वाचून सापडत नाही.

लपवली कुठे, तर रद्दीच्या पेटीत, तळाशी. रद्दीत कोण बघतं? बाइंडरच्या बायकोनं करायची चूक नव्हे ही. कण्याच्या पट्ट्या त्याच पेटीतून कापतात. दोन महिन्यांनी पाहिलं तर पत्र नव्हतं. वाटलं, न बघता कापलं गेलं असेल. मला सुटल्यासारखं झालं. हेही लिहून ठेवते. मग दुसरं तिथंच टाकलं, तेही गेलं. तिसरं. पेटी खात गेली, मी टाकत गेले.

आता मुलींनी अकराही पुस्तकं सोडवली आहेत. मीच म्हणाले, सोडवा. प्रत्येक पुस्तकात एक पत्र आहे. एक अख्खं. पट्ट्या ओळीनं कापलेल्या, एकही अक्षर न तोडता, आणि क्रमानं लावलेल्या, वरून खाली. न बघता असं होत नाही.

त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून. त्यांना पेटीत पत्र सापडायचं, ते कण्यात लावायचे, पुस्तक बांधायचे आणि माझ्या हातात आणून द्यायचे. "हे कुणी नेलं नाही. तू वाच." अकरा वेळा. तोंडातून एक शब्द नाही. चहाची टकटक रोजच्यासारखी. आणि मी रोज दुपारी पुस्तकाचा कणा तळहातावर धरून वाचत होते, तुझी पत्रं माझ्या हातात होती. ती शिक्षा होती की माफी, पोरी, मला ठरवता येत नाही. एकदा एवढं म्हणाले होते, "पाठीला आधार असला की पुस्तक कुणाच्याही हातात टिकतं." मी म्हणाले, "हो." मधमाश्यांचं वाचत होते तेव्हा.

आता उरलेलं. चपलेची गोष्ट सातव्या पत्रात आहे. सातवं पत्र न्यायाधीशाच्या पुस्तकात होतं. ते पुस्तक आम्ही दहा सप्टेंबरला उघडलं. धाकटी जेवताना बोलली ती पहिल्या तारखेला. आणि शेपूट म्हणाली ती वीस जुलैला, तेव्हा त्या अकरातलं एकही पुस्तक सोडवलेलं नव्हतं. मी पत्रांच्या कच्च्या प्रती ठेवते, तारखा दोनदा पडताळल्या. लाकूड तडकतं वगैरे मी यापुढे लिहिणार नाही.

मुली घाबरत नाहीत. थोरलीला विचारलं, "तुला दिसतात का गं ते?" ती म्हणाली, "दिसत नाहीत. आपण चुकलो की थांबवतात." मी अडीच महिने त्यांना चुकताना बघते आहे. खरंच, कुणीतरी खांद्याला हात लावावा तशा थांबतात. तूही तशीच थांबायचीस.

आई

२६ सप्टेंबर

पोरी,

येत्या तीन तारखेला येतेस, कळलं. "मुलींचं सामान भरून ठेव" एवढंच लिहिलं आहेस. पत्रांबद्दल एक अक्षर नाही. बरोबर आहे. मीही तेच केलं असतं.

सामान भरलं आहे. खळीच्या वाट्या नेता येणार नाहीत म्हणून धाकटी रुसली आहे. थोरलीला मी बसवून नावं शिकवली. हा अपूर्णांक, हा परीघ, याला बाष्पीभवन म्हणतात, हा भूगोल. ती म्हणाली, "हे सगळं आम्हाला येतं की." म्हटलं, येतं, पण पुढे कुणी हसायला नको. पुन्हा तीच चूक मी या घरात होऊ देणार नाही. तिनं सगळी नावं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली, पाहुण्यांची लिहावी तशी.

पत्रं मुलींनी शिवली आहेत. एकेक पट्टी कोऱ्या कागदावर चिकटवून, फर्मे करून, मेणाच्या दोऱ्यानं. शिवण माझी आहे, कणा थोरलीचा. कण्यात रद्दी लावली नाही, कोरा कागद लावला. ते तू आलीस की देईन. हातात घेशील ना?

पण ते पुरं नाही, म्हणून हे पत्र आधी पाठवते. अकराव्या पत्राची शेवटची पट्टी अशी आहे :

"शेपटे, माझी पत्रं तुला पोचत नाहीत हे मला ठाऊक आहे. तुझ्या आईला त्याबद्दल"

इथं संपतं. पुढे पट्टी नाही. आम्ही कणा दिव्यासमोर धरला, खळ खरवडून पाहिली. थोरली म्हणाली, कागद संपलेला नाही, कापलेला आहे. मी दोन दिवस जेवले नाही. तुझ्या आईला त्याबद्दल काय? माफ केलं आहे? विचारू नकोस? कधी माफ करणार नाही? चौदा वर्षं त्या वाक्याच्या अलीकडे बसून मी मन लावून वाचत होते.

तिसऱ्या दिवशी धाकटी पाटीवर काहीतरी गिरवत होती. मान वर न करता म्हणाली, "बारावं शेपटीकडे आहे. निळं. जाड."

निळं म्हटल्यावर आठवलं.

तुझी औषधांची मोठी परीक्षा पास झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी तुझ्यासाठी शब्दकोश बांधला होता. निळ्या कापडात. सगळ्याला जग काय म्हणतं, ते सांगणारं पुस्तक. मला तेव्हा कळलं नाही तोच का निवडला. तो मी पोस्टात टाकला. ते एवढं एकच मी पोचवलं, आणि का, तेही सांगते : त्यात पत्र नव्हतं. टाकण्याआधी मी तो उलटा धरून पान न् पान झटकलं होतं. काहीच पडलं नाही.

कण्यातलं कसं पडेल?

मुलींनी तुझ्या घरी तो कपाटात पाहिला असेल. तो तू अजून ठेवला असशील. एवढ्यावर माझं सगळं आहे.

तो घेऊन ये, असं मी म्हणणार होते. मग वाटलं, नको. तू तिथंच उघड. तू आधी वाच. पत्र तुझं आहे, या वेळी ते माझ्या हातून जायला नको. माझ्याबद्दल जे असेल ते असेल. सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर मुलींना घेऊन जा आणि मला काही विचारायचा हक्क नाही.

फक्त पातं लावू नकोस. कोमट पाण्याचा फडका ठेव आणि थांब. तू पहिल्यापासून घाई करणारी. धाकटी इथं बसून मला सांगते आहे, तसंच लिहिते : "आईला सांग, वीस मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. घाई केली तर अक्षरं कापडाला चिकटून राहतात, असं आजोबा म्हणतात."

दुपारचे तीन वाजले आहेत. थोरली माझ्या उजवीकडे दोरा गुंडाळते आहे, धाकटी समोर. दुकानाचं दार मी आता उघडंच ठेवते.

दोनदा वाजलं. थांबून एकदा.

चहा ठेवते.

आई